वजनकाट्यापाशी अडकलेलं चित्र

६ नोव्हेंबर, शिनचू

आज मी हसले, आणि नंतर दिवसभर कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

जेवणाच्या सुट्टीत पोश्युनदादा फोनवर काहीतरी बघत होता. प्रयोगशाळेत तो माझ्याहून तीन वर्षं पुढे आहे, आणि थट्टेत सगळ्यांच्याच पुढे. एकदम ओरडला, "त्साइजेन, इकडे ये! तुमच्या पेंघूची बाई बघ. काय घसा आहे! हिच्यापुढे बंदरावरचा भोंगा लाजेल."

पडद्यावर माझी आई होती. कालचं लाइव्ह. कमरेला रबरी एप्रन, हातात गळाला लटकवलेली सुरमई. "अगं बायांनो, झोपलात की काय? ही सकाळी पोहत होती! हवी असेल तर 'अधिक एक' लिहा. नवऱ्याला विचारत बसू नका, त्याला फक्त खाता येतं!"

सगळे हसले. मीही हसले.

"ओळखतेस का हिला?" दादानं विचारलं.

"बेट लहान आहे," मी म्हणाले. "तोंडओळख असते."

तोंडओळख! जिच्या त्या घशावर मी इथपर्यंत शिकले, तिच्याशी माझी तोंडओळख.

रोजच्यासारखा आज आईला फोन केला नाही.

८ नोव्हेंबर

आई सगळ्यांना सांगते, "माझी पोरगी हवेतून फोटो पाठवायचं शिकते." तसं ते चूक नाही.

आमच्या बेटावर डॉक्टर नाही. आरोग्य केंद्रात एकट्या यान सिस्टर. छातीचा फोटो काढायचा आणि रेडिओच्या दुव्यावरून मोठ्या बेटावरच्या मागोंगच्या दवाखान्यात पाठवायचा. हिवाळ्यात उत्तरेचा खारा वारा सुटला की तो दुवा धापा टाकतो. म्हातारी माणसं बाकावर बसून राहतात आणि सिस्टर पडद्याकडे बघत राहतात. मी शाळेत होते तेव्हापासून हे बघितलं आहे. म्हणून मी हा विषय घेतला. हे मी मुलाखतीतही सांगितलं होतं. सांगताना आवाज कापला होता, त्याची अजून लाज वाटते.

जाळ्यात थर असतात. खालचा थर रेडिओचा, तो हवेशी झगडतो. वरचा थर वेग ठरवतो. नियम असा की एकानं दुसऱ्याच्या कामात डोकवायचं नाही. त्यामुळे वाऱ्यानं माहितीचा एखादा तुकडा गळाला की वरच्याला वाटतं, रस्त्यात गर्दी झाली. तो सभ्यपणे वेग निम्म्यावर आणतो. गर्दी मात्र नसतेच. मी या दोन थरांच्या मधल्या भिंतीत खिडकी पाडली. आता खालचा वरच्याला ओरडून सांगतो, "गर्दी नाही रे, वारा आहे! चालू दे!"

माझे मार्गदर्शक ज्येन सर आकृती बघून म्हणाले, "साधं आहे. साधं असतं तेच टिकतं." सरांना आम्ही पाठीमागे 'मालक' म्हणतो. मालकांनी एवढं म्हणणं म्हणजे पुष्कळ.

१४ नोव्हेंबर

दुप्पट! खरं म्हणजे दुपटीलाही थोडं ओलांडून.

ही खिडकी असलेली माझी पेटी गेल्या महिन्यातच आरोग्य केंद्रात बसवली आहे. आजपासून इथे बसून ती चालवायची. जुने फोटो पुन्हा पुन्हा पाठवत राहायचे आणि वेग मोजायचा. सरांना गर्दीच्या वेळचे आकडे हवेत, म्हणून एक दिवसाआड संध्याकाळी, सगळं बेट जेवून फोन घेऊन बसतं तेव्हा. दुपारच्या आकड्यांवर सगळी जुळवणी झालीच आहे.

यान सिस्टरनी पेटीवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवून फोटो पाठवला. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात. पाकीट हिरवंच हवं, पिवळं ठेवलं की यंत्र रुसतं. पोश्युनदादानं गंभीरपणे विचारलं, "मुदत बघितली का पाकिटावरची? संपलेली असली तर माझा प्रबंध बुडेल." सिस्टरनी मुदतीचा वेगळा फोटो पाठवला.

दादानं सगळ्यांना दुधाचा चहा पाजला. मधेच आईचे तीन फोन येऊन गेले, ते आवाजात कळलेच नाहीत. नंतर तिचा निरोप ऐकला: "आ-जेन, आज चित्र सारखं अडकत होतं. लोक निघून गेले. तू एवढं शिकलीस, सांग ना काय करू."

मी लिहिलं: फोन बंद करून चालू कर.

१८ नोव्हेंबर

पुन्हा दुप्पट. आजच एका आजोबांचा खरा फोटोही मधे गेला. सिस्टरचा निरोप: "मी चहा ओतेपर्यंत डॉक्टरांचं उत्तर आलं!" तो निरोप मी चार वेळा वाचला.

आईचं रडगाणं चालूच आहे. तिचा फोन फार जुना. मी वैतागून म्हणाले, "आई, नवा घे. त्या डबड्यातून एवढं चित्र कसं जाईल?"

"चांगला आहे गं. परवापर्यंत चालत होता."

"परवापर्यंत सगळंच चालतं."

हे वाक्य तेव्हा मला फार हुशारीचं वाटलं.

२२ नोव्हेंबर

आईनं नवा फोन घेतला. तरी आज अडकलं.

आज मी मुद्दाम लाइव्ह बघितलं, खोलीचं दार लावून. ताइचुंगच्या च्यू वहिनी म्हणून आहेत, आईच्या जुन्या गिऱ्हाईक. सासूला पेंघूचीच सुरमई लागते म्हणून दर आठवड्याला घेतात. त्यांनी खाली सगळ्यांसमोर लिहिलं, "मावशी, एक विचारू? मासा दाखवता तेव्हा चित्र छान असतं. वजनकाट्याला लावता आणि बरोब्बर तेव्हाच कसं हो अडकतं? परत सुरू होतं तोवर मासा पिशवीत."

त्याखाली लोकांनी तोंडावर हात ठेवलेली चित्रं टाकली. कुणीतरी लिहिलं, "नवा फोन, जुनी हातचलाखी."

आई वाचून दाखवते सगळं, तशी तिची सवयच आहे. हेही ती मोठ्यानं वाचायला लागली आणि मधेच थांबली. तिचं असं थांबणं मी कधी बघितलं नव्हतं.

मला तिची लाज वाटली. आधी तिची वाटली, हे लिहायला हवं.

२६ नोव्हेंबर

चार दिवस मनात एकच. आई असं करेल का? थंडीत होड्या फार जात नाहीत. मासा महाग. बाबा गप्प असतात. हात चुकून पडद्यावर जाऊ शकतो, आणि एकदा चुकून गेला की...

आज फोनवर विचारलंच. "आई, काट्याला लावताना तुझं बोट वगैरे लागत नाही ना कुठे?"

"कुठे?"

"फोनला. चुकून."

मागे बर्फ फोडल्याचा आवाज येत होता.

"तू पण?" ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

आज चाचणीत आजवरचा सगळ्यात चांगला आकडा आला. सर म्हणाले, डिसेंबरच्या दहा तारखेला बेटावरच प्रात्यक्षिक करू, नगरप्रमुखही येतील. त्यांना पटलं तर पेटी कायमची राहील, आणि माझी पदवी या सहामाहीत. मी आनंदात असायला हवं.

३ डिसेंबर, घरी

तयारीसाठी मी आणि पोश्युनदादा पुढे आलो. बोटीत त्याला उलट्या झाल्या. धक्क्यावर आई उभी होती, त्याच एप्रनमध्ये. मी मनात म्हटलं, आज तरी काढून यायचं.

दादा पांढराफटक उतरला, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी समुद्राकडे बघत राहिले.

"मावशी!" तो म्हणाला. "मी तुमचं लाइव्ह रोज बघतो!"

"बघतोस, आणि 'अधिक एक' कधी लिहीत नाहीस वाटतं? फुकट्या! चल, जेव आधी. पोट रिकामं करून आलायस."

तिनं त्याला लाल भोपळ्याच्या शेवया तीनदा वाढल्या. मला एकदाच. मी जेवत होते आणि दादा माझ्याकडे न बघता खात होता. शेवटी वाटी विसळताना हळूच म्हणाला, "तोंडओळख बरीच आहे की." हसला नाही.

५ डिसेंबर

हे नीट लिहायचं आहे.

संध्याकाळी दादा वर आरोग्य केंद्रात पेटीपाशी, मी खाली बंदरावर आईच्या छपरात. आईचा फोन स्वतः तपासायचा, असं मी ठरवलं होतं. खरं म्हणजे आईचा हात तपासायचा होता. मी तिच्या मागे उभी राहिले, माझ्या फोनवर तिचंच लाइव्ह लावून.

आईनं सुरमई उचलली. समोर हलती सुरमई, माझ्या फोनमध्येही हलती. तिनं ती काट्याच्या गळाला अडकवली. दोन्ही हात माशाला. दोन्ही. बोट कुठेही नाही. माझ्या फोनमध्ये मासा हवेत थिजला.

खाली शेरे येऊ लागले. "आलं, आलं!" "मावशीची जादू!"

मी दादाला फोन लावला. "चाचणी सुरू केलीस का?"

"आत्ताच. अगं पळतंय नुसतं!"

"एक मिनिट बंद कर."

"का?"

"कर ना."

मासा हलला.

"चालू कर." थिजला. "बंद कर." हलला. मी हे किती वेळा करायला लावलं ठाऊक नाही. आई मागे न बघता ओरडली, "त्या पोराशी लाडीगोडी नंतर, आधी बर्फ आण!" बघणारे हसले. मी बर्फ आणला.

बेटावरचं सगळं त्याच एका दुव्यावरून जातं. फोन, टीव्ही, आईचे मासे. हे मला कुणी सांगायला नको होतं, माझ्याच आकृतीत तो दुवा जाड रेघेनं काढलेला आहे. खालचा थर 'वारा की गर्दी' ठरवतो तो मी आखून दिलेल्या सीमेवरून, आणि ती सीमा मी दुपारच्या ओसाड वेळेवरून आखली. संध्याकाळी वाराही असतो आणि गर्दीही. गर्दीनं गळालेले तुकडेही माझ्या खिडकीतून 'वारा, वारा' म्हणतच वर जात होते. बाकी सगळे नियमाप्रमाणे बाजूला सरत होते, आणि माझे फोटो त्या मोकळ्या जागेत घुसत होते. मासा काट्याला लटकून गरगरला की चित्र झपाट्यानं बदलतं, त्याला जास्त जागा लागते. नेमकी तेव्हाच ती मिळत नव्हती.

दुपारचा माझा वेग खरा होता. संध्याकाळच्या दुपटीत आई होती, आणि शेजारीपाजारी होते. मी आलेखावर फक्त माझीच रेघ मोजली.

दादाला सांगितलं. त्यानं आकडे पुन्हा एकदा तपासले. मग म्हणाला, "दहा तारीख पार पडू दे. प्रात्यक्षिक सकाळी आहे, सकाळी कोण मासे विकतंय? त्साइजेन, शोधनिबंधात सगळे आपलाच वेग दाखवतात. शेजाऱ्याचा कोण दाखवतं?"

मला एक क्षण बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

६ डिसेंबर

आईला सांगितलं. ती धक्क्यावर खवले काढत होती. मी थर, खिडकी, सीमा सगळं सांगितलं. तिनं सुरी पुसली.

"म्हणजे माझा जुना फोन चांगला होता?"

"हो."

"आणि मी तो तुझ्या आत्याला देऊन बसले!"

मी रडायला लागले तशी ती चिडली. "रडू नकोस, लोक बघतात. कुणाकुणाला माहीत आहे?"

"फक्त दादाला."

"मग तिथंच मिटव. पेटी बंद ठेव म्हणजे झालं."

"आई, लोक तुला लबाड म्हणतायत."

"म्हणू देत. मासा खातील आणि परत येतील."

"च्यू वहिनी आल्या का परत?"

ती पुन्हा खवले काढायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "तू पहिली पदवी घेतलीस तेव्हापासून देवळाच्या दारात तुझ्या नावाचा, अभिनंदनाचा लाल कागद लावलाय. ऊन-पाऊस खाऊन पांढरा झाला तरी पुजारी काढत नाही, मी काढू देत नाही. मासेवालीला लबाड म्हटलं तर कुणाला नवल वाटत नाही. तुझ्याबद्दल कुणी काही बोललेलं मला चालणार नाही. कळलं? जा, आंघोळ कर. वास येतोय अंगाला."

वास तर तिच्या अंगाला येत होता. मी तिथंच बसून राहिले.

८ डिसेंबर

केलं.

लाइव्हमध्ये नेहमीच्या निम्मीही माणसं नव्हती. मी आईला न विचारता कॅमेऱ्यासमोर गेले. आईनं बाही ओढली. "बाजूला हो, पाणी लागेल." मी हलले नाही.

म्हणाले, "मी यांची मुलगी. चित्र अडकत होतं ते माझ्यामुळे. आई काट्यापाशी काही करत नव्हती." मग थरांचं सांगायला लागले, आणि सांगता सांगताच कळलं की कुणालाही काही कळत नाहीये.

च्यू वहिनी आल्या होत्या, खरेदीला नाही, बघायला. त्यांनी लिहिलं, "मुलगी शिकलेली दिसते. आईला वाचवायला छान बोलते."

दुसऱ्या कुणी लिहिलं, "आता घरातलं शिकलेलं माणूसही कामाला लावलं."

आई पुटपुटली, "झालं समाधान? आता हो बाजूला."

मी दादाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "दादा, पेटी चालू कर."

"वेडी आहेस का? मालक माझी सालटी काढतील!"

"माझं नाव सांग. कर."

मी बघणाऱ्यांना म्हणाले, "आता मासा काट्याला नाही, कुठेच नाही. आई हात वर करून उभी राहील. तरी चित्र अडकेल. मी परत हलताना दिसले की समजा, मी पेटी बंद करायला सांगितली."

आईनं हात वर केले. दोन्ही हात, खवल्यांनी चमकणारे, पोलिसांनी पकडल्यासारखे. तिच्याकडे बघवेना. आणि ते तसंच थिजलेलं चित्र तेवढ्या लोकांनी बघितलं.

मग बंद केलं. परत चालू, परत बंद. तिसऱ्या वेळी कुणी काही लिहिलं नाही. मग च्यू वहिनींचं आलं, "मावशी, हात खाली घ्या आता. दुखतील."

आईनं हात खाली घेतले. ती रात्रभर माझ्याशी बोलली नाही.

१० डिसेंबर

सर सकाळच्या बोटीनं आले. मी धक्क्यावरच सांगायला सुरुवात केली. ते म्हणाले, "बघितलं मी. माझ्या बायकोनं तुमच्याकडून एक सुरमई घेतली आहे." मग चालता चालता म्हणाले, "बाकीच्यांचा वेग मोजला का, हे मी विचारायला हवं होतं." एवढंच. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

प्रात्यक्षिकात मी दोन्ही रेघा दाखवल्या, माझी वर जाणारी आणि बेटाची खाली येणारी. नगरप्रमुख म्हणाले, "म्हणजे चालतं की नाही, एका शब्दात?"

"या रूपात चालत नाही," मी म्हणाले. "एका शब्दात, नाही."

यान सिस्टर मागे उभ्या होत्या. "म्हणजे आता परत वाट बघायची," त्या म्हणाल्या, रागानं नाही. बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. मला त्यांच्यासमोरून पेटी उचलून न्यावी लागली. आईचं नाव सुटलं आणि या दोघी अडकल्या. हे मी कसं मांडायचं मला ठाऊक नाही.

पदवी पुढच्या सहामाहीत गेली. सीमा नव्यानं आखायची आहे, संध्याकाळ धरून, सगळ्यांच्या रेघा धरून. सर म्हणाले, जमेलच असं नाही.

२१ डिसेंबर, घरी

वर्षातला सगळ्यात लहान दिवस. आज घरच्यांसोबत तांदळाच्या पिठाचे गोळे खायचा रिवाज, म्हणून दोन दिवसांसाठी आले. देवळावरून येताना मान खाली घालूनच आले. लाल कागद अजून आहे. वाचणाऱ्यांना आता दोन्ही गोष्टी माहीत असतील.

आई कामापुरतं बोलते. मला वाटतं तिचा राग गेलेला नाही, कारण संध्याकाळी तिनं मुद्दाम मला छपरात बोलावलं आणि लाइव्हमध्ये सगळ्यांना सांगितलं, "ही बघा, हिनंच बिघडवलं होतं! हिनंच सांगितलं!" रोज कुणी नवीन आलं की असंच सांगते, असं बाबा म्हणाले. म्हणजे मी नसतानाही. जन्मभर सांगणार बहुतेक.

मग टांगलेला काटा काढून माझ्या हातात दिला. "तू धर."

"मी कशाला?"

"तू धर म्हटलं ना."

मी धरला. सुरमई जड होती. आई आकडा वाचायला लागली तोच च्यू वहिनींचं आलं, "पोरगी धरतेय ना? मग वाचू नका मावशी. अधिक एक." त्यामागून आणखी आले. अधिक एक, अधिक एक. यात काय आहे मला कळेना. एवढं करून ठेवलेल्या मुलीच्या हातचं वजन लोक न बघता का घेतायत? मला कुणाकडे बघवत नव्हतं. मी खाली बघत काटा धरून उभी राहिले.

आईनं कोपरानं ढोसलं. "मान वर कर. तुझ्या केसांखाली आकडा झाकतोय."